सागवानी टेबल: सनमायका नको, पॉलिशच हवंय

मृण्मयी (कोथरूड):
नारायण पेठेतला वाडा रीडेव्हलपमेंटला गेला. सासूबाईंचं स्वयंपाकघरातलं सागवानी टेबल मी हट्टाने इकडे आणलं. पॉलिश काळपट, चिकट झालंय. गरम पातेल्यांचे पांढरे गोल उमटलेत, हळदीचा मोठा डाग आहे, एक पाय डुगडुगतो. सुतार म्हणतो, मशीन मारून वर सनमायका चिकटवतो. मला ते मुळीच नको. शेवयांचं यंत्र आवळून आवळून कडेला खोलगट वण पडलाय, तो तर जायलाच नको. घरच्या घरी काय करता येईल?

अरुणकाका (सदाशिव पेठ):
मृण्मयीताई, मशीन अजिबात लावू देऊ नका. आधी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळा, पुसा आणि लगेच कोरडं करा. बराचसा काळेपणा फोडणीच्या तेलकट धुराचा असतो. मग खालच्या, न दिसणाऱ्या अंगाला स्पिरिटचा बोळा मिनिटभर धरा. बोळा तपकिरी झाला, हाताला चिकट लागलं, की चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश समजा. मग घासाघीस नको. स्पिरिट आणि जुन्या सुती कापडाने ते निघून येतं. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवापुढचा दिवाही नको. पांढरे गोल म्हणजे पॉलिशमध्ये अडकलेली ओल, ते पॉलिशबरोबर जातील. हळद उन्हाने फिकी पडते. गॅलरीतलं सकाळचं कोवळं ऊन दाखवा. भर दुपारच्या उन्हात फळ्या तडकतात. शेवटी 220 नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच, हलक्या हाताने. वणाजवळ पेपर नेऊच नका.

स्वाती:
पायाचं सांगते. जुना सरस असेल तर त्यावर फेव्हिकॉल धरत नाही. जोड सोडवा, सरस गरम पाण्याच्या फडक्याने मऊ करून खरवडा, पूर्ण वाळू द्या. मग फेव्हिकॉल लावून जोडाभोवती दोरी बांधा, तिला काठीने पीळ द्या आणि रात्रभर आवळलेलं ठेवा.

मृण्मयी:
स्पिरिट लावून पाहिलं. बोळा गडद तपकिरी झाला आणि खालून इतका सुंदर मधाळ रंग निघाला! पुन्हा चपडाच लावू का?

अरुणकाका:
पायांना जरूर लावा. वरच्या फळीला नको, गरम भांड्याचे गोल पुन्हा उमटतील. तिथे डबल बॉइल्ड जवसाचं तेल बरं. पातळ हात द्या, थोड्या वेळाने जादाचं पुसा, नीट वाळलं की दुसरा हात. भांड्याखाली चकती हवीच, पण डाग पडलाच तर तेवढ्या जागी पुन्हा तेल लावता येतं. पोळ्या मात्र पोळपाटावरच लाटा. आणि हे विसरू नका: तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात, दोरीवर पसरून वाळवा. पावसाळ्याआधी उरका, दमट हवेत चपड्यावर पांढरट झाक येते. सामान बोहरी आळीत मिळेल. लिटरभर स्पिरिटला 150 ते 200 ग्रॅम चपडा, काचेच्या बाटलीत रात्रभर भिजवा, मलमलीतून गाळून घ्या.