शेंगेचं मॉडेल करण्याआधी

मुलांकडून मातीची शेंग करून घ्यायची आणि आत दाणे म्हणून मणी भरायचे, ही तुम्ही सुचवलेली मॉडेलची कल्पना फार आवडली. फक्त त्याआधी मुलांच्या हातात मटारची खरी शेंग द्या आणि शिवणीवरून हळूच उघडायला सांगा. दाणे आत सुटे नसतात. सगळे एकाच शिवणीला इवल्या देठांनी जोडलेले असतात आणि शेंग उघडली की एक दाणा या फाकेवर, पुढचा त्या फाकेवर असे आलटूनपालटून राहतात. मॉडेलमध्ये हे यायलाच हवं! मणी दोऱ्याच्या तुकड्यांनी त्याच कडेला चिकटवता येतील.

मोठ्या मुलांना कांचनाची वाळकी, तडकलेली शेंगही दाखवा. सालीतले तंतूंचे थर तिरपे असतात, वाळताना वेगवेगळ्या दिशांना आक्रसतात, म्हणून दोन्ही फाका उलटसुलट पिळवटतात आणि बिया लांब उडतात.