हेडसेटपेक्षा आवाजाचं बघा

एका ताईंनी विचारलंय, मुलांचं लक्ष टिकावं म्हणून व्हीआर हेडसेटमधलं (डोळ्यांवर बांधायचा, आभासी दृश्य दाखवणारा चष्मा) ध्यान शाळेत आणावं का. आमचा अनुभव सांगतो.

दिवाळीत पुण्याचा चुलतभाऊ आमच्या बेळगावजवळच्या खानापूरला हेडसेट घेऊन आला. भाचा सहावीत, मराठी शाळेत. डोक्याला पट्टा सैल, नाकाशी फट. समोर जंगल, पानं हलतायत, इंग्रजीत बाई श्वास मोजायला सांगतेय. पोरानं पान धरायला हात पुढं केला आणि टीपॉयवरचा चहा सांडला! म्हणाला, "मामा, झाड बरं दिसतंय, खरं बाई काय बोलतीया कळंना." मग भावानं आवाज बंद केला आणि आमची आई शेजारी बसून सावकाश मराठीत "आत घे... सोड" म्हणत राहिली. चार-पाच मिनिटं पोरगं खरंच गप्प बसलं.

हेडसेट आजूबाजूचा पसारा झाकतो, म्हणून लक्ष पटकन लागतं. पण तेच लक्ष वर्गात, पन्नास पोरांच्या गलक्यात टिकेल का? ब्रिटनमध्ये ८५ शाळांचा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्या शाळांत हेडसेटशिवाय माइंडफुलनेस (श्वासाकडं, मनाकडं लक्ष देण्याचा सराव) शिकवून बघितलं होतं. २०२२ च्या निकालात नेहमीच्या तासांपेक्षा विशेष फायदा दिसला नाही, आणि बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नव्हता.

वयाचंही बघा. हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीनं २०२३ मध्ये वयाची मर्यादा १३ वरून १० वर आणली, म्हणजे तिसरी-चौथीला नकोच. डोळ्यांचा फोकस एकाच अंतरावर राहतो आणि दृश्य कधी जवळचं, कधी लांबचं दिसतं, त्यानं डोळे शिणू शकतात, काहींना मळमळतं. घ्यायचाच असेल तर एकच घ्या, आणि आधी मराठी-कन्नड आवाज भरून घ्या.