भात-भाकरी पूर्ण बंद करण्याविषयी

अ-२०४ : सर्वांना नमस्कार. काल ग्रुपवर आलेल्या संदेशात पोळी, भाकरी आणि भात आठवडाभर पूर्ण बंद केल्यास दोन किलो वजन उतरते, असे म्हटले आहे. माझ्या सासूबाईंना मधुमेह असून त्या उद्यापासूनच हे सुरू करणार म्हणतात. ब-५०१ च्या ताई आहारतज्ज्ञ आहेत, त्यांनी कृपया सांगावे.

ब-५०१ : ताई, त्यांना आधी थांबवा. त्या इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील आणि औषध तेवढेच ठेवून ताटातले धान्य एकाएकी काढले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम, हातांना कंप, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे आहेत. असा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

दोन किलो उतरतात हे खरे, पण त्यात चरबी थोडीच असते. कर्बोदकांतून मिळालेली जादा साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते, यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत त्याच्या तीन-चार पट, आणि दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. धान्य बंद होताच हा साठा वापरला जातो, पाणी लघवीवाटे निघून जाते आणि काटा खाली येतो. जेवण पूर्ववत झाले की तो पुन्हा वर चढतो.

क-१०३ : साखर आणि भाकरी दोन्ही कर्बोदकेच असतील, तर भाकरीला वेगळा न्याय का? आणि उपवासाच्या साबुदाण्याचे काय?

ब-५०१ : काका, दोन्हींतील कर्बोदके ग्रॅमला चार कॅलरीच देतात, परंतु ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढेच तंतुमय पदार्थही असतात, साखरेत यांतले काहीच नसते. साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेले निव्वळ पिष्ट. खिचडीत जे काही पोषण येते ते दाण्याच्या कुटाचे. मधुमेह असणाऱ्यांनी ती एरवीही बेतानेच खावी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार दिवसाच्या ऊर्जेत धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंतच असावा. आपल्याकडे दोन पोळ्या, वर भात आणि भाजीही बटाट्याची असे ताट असते, तिथे हा वाटा सहज ओलांडला जातो. म्हणून धान्य बंद न करता एक पोळी कमी करावी आणि तिच्या जागी वाटीभर मटकीची उसळ किंवा घट्ट वरण घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

अ-२०४ : सासूबाई गोड खात नाहीत, फक्त तीन वेळा चहा घेतात, दोन-दोन चमचे साखर घालून.

ब-५०१ : चमचा पाच ग्रॅमचा धरला तरी ती ३० ग्रॅम साखर झाली, आणि त्याच मार्गदर्शिकेतील मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमची आहे. भाकरी राहू द्या, सुरुवात चहापासून करा. मात्र साखर कमी करतानाही डॉक्टरांच्या कानावर घाला.