मॉनराड योहानसेनचं संगीत ऐकायचं की त्याची खुर्ची बघायची?

खर्ज: माझं मत आधीच सांगून टाकतो, डेव्हिड मॉनराड योहानसेन या संगीतकारावर (१८८८-१९७४) त्याच्याच देशाने, नॉर्वेने, नको इतका राग धरला. नॉर्वेचा सगळ्यात गाजलेला संगीतकार ग्रीग, त्याच्यानंतर नॉर्वेचं म्हणून काही वेगळं करणाऱ्यांत हा पहिल्या फळीतला. जुन्या नॉर्स काव्यावरचं त्याचं १९२६ चं 'वोलुस्पो' ऐका, भविष्य सांगणारी बाई जगाचा अंत सांगते आणि मग समुद्रातून हिरवी पृथ्वी परत वर येते, कोरस आणि ऑर्केस्ट्रा दोन्ही अंगावर येतात. १९२५ पासून सरकारी मानधन, आफ्टनपोस्टेन या वर्तमानपत्रात संगीतसमीक्षा, १९३४ ला ग्रीगचं चरित्र. आणि एवढ्या माणसाची ओळख काय उरली, तर क्विसलिंगचा, म्हणजे नाझींना साथ देणाऱ्या नॉर्वेतल्या पुढाऱ्याचा, माणूस.

पेठकर: मग काय उरायला हवी होती? नाझींनी देश ताब्यात घेतलेला असताना हा क्विसलिंगच्या पक्षात होता, आणि १९४२ ला त्याच क्विसलिंगच्या सरकारने जी सांस्कृतिक परिषद काढली तिच्यात संगीताचा प्रमुख म्हणून बसला. १९४६ ला चार वर्षं सक्तमजुरी झाली ती उगाच नाही.

खर्ज: शिक्षा झाली ना, संपला विषय. नॉर्वेचाच कादंबरीकार हामसुन, त्याने तर स्वतःचं नोबेलचं पदक हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सला दिलं, तरी त्याच्या कादंबऱ्या लोक आजही वाचतातच की.

निषाद_कोमल: हामसुनचं उदाहरण इथे लागू नाही हो. तो लेख लिहित होता, वाईट लिहित होता, पण लेखकच होता. योहानसेनने पद घेतलं. आधीच समीक्षक, म्हणजे कोणाला चांगलं म्हणायचं हे पेपरातून ठरवणारा, त्यात आता सत्तेची खुर्ची, मग बाकीच्या संगीतकारांनी जायचं कुठे? कलाकाराचं राजकीय मत आणि कलाकाराने इतरांवर चालवलेला अधिकार यात फरक करायला नको का? माझा सगळा आक्षेप त्या अधिकारावर आहे, 'वोलुस्पो' मलाही आवडतं (शेवटचा भाग जरा लांबलाय, पण ते असो).

खर्ज: पण कोणीतरी संस्था चालवायलाच हव्यात ना? चांगला माणूस बाजूला झाला की तिथे सुमार माणूस येतो.

पेठकर: 😀 हे कारण प्रत्येक राजवटीत ऐकू येतं. त्याच काळात हाराल्ड सेवेरूड या दुसऱ्या नॉर्वेजियन संगीतकाराचं डोकं जर्मन सैन्याच्या बराकी बघून फिरलं आणि त्यातून १९४३ चं 'शेम्पेविसेस्लॉटेन' आलं, प्रतिकार करणाऱ्यांना अर्पण केलेलं. साधी लोकधून, मग तोच ताल हट्टाने चढत जातो आणि शेवटी नुसता संताप. त्याला कुठली परिषद लागली नाही.

खर्ज: सेवेरूड मोठाच. पण त्याच्यामुळे योहानसेनची रचना बेसूर होत नाही.

निषाद_कोमल: बेसूर कोण म्हणतंय? वाजवा की. फक्त कार्यक्रमपत्रिकेत १९२६ च्या शेजारी १९४२ पण छापा, आणि लहान टायपात नको.