नायजेरियातल्या बहिणी: तुम्ही काय पाहिलंत?

लेगॉसमध्ये अकरा वर्षं काढली. घरातली मारझोड जवळून पाहिली, आणि त्यात एकमेकींना धरून राहिलेल्या बहिणीही. तुम्हीही लिहा. नावं नकोत.

सुरुवात मीच करते. आमच्या ऑफिसात हिशेब पाहणारी मुलगी इग्बो समाजातली, घरातली थोरली लेक, म्हणजे 'अडा'. तिचा बाप हात उचलायच्या आधी जनरेटर लावायचा, लाइट असली तरी. (त्या छोट्या जनरेटरला तिकडे 'आय बेटर पास माय नेबर' म्हणतात.) घरघरीत शेजाऱ्यांना काही ऐकू जात नसे. दोरी ओढल्याचा आवाज आला की धाकटीने मागच्या दाराने सटकायचं, आगेगे ब्रेड आणायला. ब्रेडचे पैसे थोरलीने तिच्या बुटात आधीच ठेवलेले असायचे. "दोघींनी मार खाऊन काय उपयोग?" मी डबा उघडत होते, तेव्हा ती हे सहज म्हणाली. नोकरी पक्की झाल्यावर तिने धाकटीला स्वतःकडे आणलं. बापालाही दरमहा पैसे पाठवायची. मला भयंकर राग यायचा. आमच्या साताऱ्याच्या मावशीनेही हेच केलं होतं, ते फार नंतर आठवलं.

माजी इलुपेजूकर
लेगॉसच्या इलुपेजू भागात आमच्या शेजारी योरुबा समाजातल्या बहिणी होत्या. थोरलीला नवरा मारायचा. माहेर म्हणे सहन कर, चर्च म्हणे प्रार्थना कर. लेगॉस राज्यात घरगुती हिंसेविरुद्ध २००७ पासून कायदा आहे, म्हणून धाकटी परस्पर तक्रार करून आली. थोरलीने सहा महिने अबोला धरला. मग एका रात्री दोन मुलं आणि गॅसची शेगडी घेऊन तिच्याच दारात हजर. शेगडी कशाला? "माझ्या पैशांची आहे."

एनुगूची मामी
आमच्याकडे, इग्बो मुलखातल्या एनुगू शहरात, मारापेक्षा जमिनीचा छळ जास्त. मुलींना वारसा नाकारणारी इग्बो रूढी नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. मैत्रिणीने निकाल छापून भावापुढे ठेवला. तो हसला. मग उमुअडा आल्या, म्हणजे कुळातल्या लेकी, बहुतेक लग्न होऊन बाहेर गेलेल्या. सगळ्या अंगणात बसल्या, उठेचनात. त्यांना जेवू घालता घालता वहिनी टेकीला आली. तिसऱ्या दिवशी भावाने किल्ली दिली. एकाच खोलीची.