गाइडची कॉमेंट आली, खूण दाबली, झालं?

निपाणीकर : १९८१च्या निपाणी तंबाखू आंदोलनावर पीएच.डी. करतोय. दुसरं प्रकरण गूगल डॉक्सवर पाठवलं, तर एका रात्रीत ४१ सूचना. तीसेक मी धडाधड बरोबरची खूण दाबून मान्य करून टाकल्या. नंतर वाचतो तर 'वखारीतल्या बायका'चं 'महिला कामगार' झालेलं! माझी आजी वखारीत जायची, तिच्या तोंडी हा शब्द कधी आला नाही. कागदावर लाल पेन असायचा तेव्हा दुरुस्ती हातानं उतरवावी लागे, तेवढ्यात डोकं चालायचं. आता नुसतं बोट चालतंय.

खानापूरची : खूण तुम्ही दाबलीत आणि दोष डॉक्सला? माझ्या ताईनं कागदाच्या काळात गाइडच्या दारात दिवसच्या दिवस काढलेत. सर मीटिंगला गेले की शेवटची बस चुकायची. शेरा काय, तर 'पुन्हा लिहा'. कॉमेंटखाली निदान 'सर, म्हणजे नेमकं काय?' असं विचारता येतं. समोर बसून माझं धाडस झालं नसतं.

निपाणीकर : विचारलंत कधी?

खानापूरची : दोनदा. एकदा उत्तर आलं.

चिकोडीचा मास्तर : मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे गाइड. चाळीसातल्या पस्तीस कॉमेंट वेलांट्यांच्या असतात, कारण रात्री अकराला तेवढंच सुचतं. खरी एकच, 'हा दावा कशावरून?' पोरं वेलांट्या दुरुस्त करतात आणि हिलाही 'रिझॉल्व्ह', म्हणजे निकालात, करून टाकतात. म्हणून आता मी आधी ती एकच पाठवतो. वेलांट्या शेवटी.

हिंडलग्याचा : कॉमेंटचं काय घेऊन बसलाय? पोरं हलतात ती साम्याच्या टक्क्यानं, म्हणजे मजकूर दुसरीकडल्याशी किती जुळतो ते सॉफ्टवेअर दाखवतं त्यानं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या वाङ्मयचौर्याच्या नियमात १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, म्हणून आमचा एक गडी 'सीमाभाग' खोडून 'सरहद्दीचा प्रदेश' करत बसलाय. अख्खा प्रबंध!

खानापूरची : संदर्भ देऊन घेतलेली उद्धृतं त्याच नियमात वगळलीत. वाचा म्हणावं की त्याला.

हिंडलग्याचा : तो नियम वाचंल? आकडा लाल दिसला की संपलं.

निपाणीकर : मास्तर, तुमचं पटलं. 'वखारीतल्या बायका' परत टाकलंय आणि खाली लिहिलंय, 'सर, हा शब्द ठेवू का?' दोन दिवस झाले, उत्तर नाही.

खानापूरची : ठेवा की. विचारता कशाला?