मदत हवी आहे : नेक्स्टक्लाउड २५ वरून ३० वर जायचंय

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाचे स्कॅन केलेले जुने दिवाळी अंक नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फाइली ठेवायची प्रणाली) २५ वर आहेत. सर्व्हर उबंटू २२.०४, नेक्स्टक्लाउड ज्या भाषेत चालतं ती पीएचपी ८.१, डेटाबेस मारियाडीबी. मधली मोठी आवृत्ती गाळता येत नाही, म्हणजे २६, २७, २८ असं एकेक करत ३० गाठायचं. २५ ला पीएचपी ८.३ चालत नाही, म्हणून पीएचपी ८.३ सोबत येणारं उबंटू २४.०४ हे अपग्रेड झाल्यानंतरच. इथवर स्पष्ट आहे.

अडचण रंगीत तालमीची. या अंकांच्या मूळ प्रती आता जीर्ण झाल्यात, त्यामुळे थेट चालू सर्व्हरला हात लावायचा धीर होत नाही. बॅकअप वेगळ्या डिस्कवर आहे, पण दुसऱ्या मशीनवर सगळा डेटा मावणार नाही. तिथे फक्त डेटाबेसचा डंप (पूर्ण नक्कल), कॉन्फिग फाइल आणि नेक्स्टक्लाउडला डेटा फोल्डर ओळखू देणारी 'ओसीडेटा' खूणफाइल तेवढी असलेलं, एरवी रिकामं डेटा फोल्डर ठेवून अपग्रेड करून पाहिलं, तर ती चाचणी भरवशाची मानावी का? फाइल स्कॅन तिथे चालवायचा नाही (फोल्डर रिकामं असल्याने डेटाबेसमधल्या फाइलींच्या नोंदी उडतील), एवढं लक्षात आहे.

शिवाय दोन टप्प्यांच्या मध्ये बॅकग्राउंडची कामं संपेपर्यंत किती थांबता? प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.